काकूंनी निवडलेलं होकायंत्र

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर काकूंचं बॅगा दुरुस्त करायचं दुकान आहे. एकच खोली. तिच्यात दोन शिलाई मशिनं, भिंतीवर टांगलेल्या चेनी, बकलांचे डबे आणि मालक न्यायला विसरलेल्या बॅगांचा ढीग. काकूंचे हात लहान आणि जाडजूड आहेत. जाड पट्ट्यांतून दाभण ओढून ओढून उजव्या अंगठ्याला घट्टा पडला आहे. बोलणं तुटक. गिऱ्हाइकाने "किती वर्षं टिकेल हो हे?" असं विचारलं की त्या मान वर न करता म्हणतात, "तुम्ही किती वर्षं टिकणार, ते आधी सांगा." गिऱ्हाईक हसतं, काकू हसत नाहीत.

नवरा लवकर गेला. एकुलती एक लेक, बारकी. ती नावालाच बारकी आहे. दुकानाच्या दारातून आत येताना तिला वाकावं लागतं. चौथीत ती माझ्या वर्गात होती. तेव्हापासून मी तिच्यासाठी बाई, आणि बाई म्हणूनच ती मला आजही सगळं सांगते, आईला सांगायच्या आधी. ती औषधांच्या दुकानात काम करते आणि सुट्टी मिळाली की डोंगरात जाते. हे वेड तिला आईच्याच दुकानात लागलं. मशीनखाली बसून गृहपाठ करताना तिने डोंगरात जाणाऱ्यांच्या गप्पा ऐकल्या. फाटक्या सॅका घेऊन येणारी ती माणसं पाय पसरून बसत आणि कुठे कुठे चुकलो ते मोठ्या कौतुकाने सांगत. काकू सॅक शिवत आणि मनात म्हणत, मूर्ख आहेत. लेक मात्र कान टवकारून ऐके.

ही गोष्ट बटणांच्या मोबाइलच्या काळातली. बारकीने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी वाटाड्या न घेता मोठं पठार ओलांडायचं ठरवलं. मैत्रिणींपैकी एक नर्स, दुसरीला सगळे चष्मिस म्हणत. पठाराच्या पश्चिमेला रस्ता संपतो, तिथे चौकी आहे. पूर्वेला निवाऱ्याची खोली आहे, तिथवर दुसऱ्या बाजूने गाडी जाते. मधे नुसतं गवत आणि खडक. झाड नाही, घर नाही, मोबाइलला रेंज नाही. हवा स्वच्छ असेल तर पायवाट सरळ दिसते. पण ढग खाली उतरले तर आपलेच बूट आपल्याला दिसत नाहीत. आणि पठाराची दक्षिणेची बाजू कुठे संपते ते आधी कळत नाही. तिथे एकदम कडाच आहे.

काकूंनी नाही म्हटलं. मग आठवडाभर घरात भांड्यांचे आवाज जरा जास्तच येत होते. शेवटी एका सकाळी काकू म्हणाल्या, "जा. पण होकायंत्र मी निवडणार."

"तुला त्यातलं काय कळतं, आई?"

"तुला चेनीतलं काय कळतं? तरी बॅग वापरतेसच ना?"

कोपऱ्यावर दुर्बिणी आणि भिंगं विकणारं एक दुकान होतं. त्याच्या मालकांना आम्ही दुर्बीणवाले म्हणत असू. किडकिडीत, बोलघेवडे गृहस्थ. दुकानातल्या प्रत्येक वस्तूबद्दल ते नातेवाइकाबद्दल बोलावं तसं बोलत. त्यांनी काकूंपुढे सात-आठ होकायंत्रं मांडली. काकूंनी पदराने काउंटरची काच पुसली आणि कापड पारखावं तसं एकेक हातात घेऊन पारखायला सुरुवात केली.

पहिल्यातल्या द्रवात बुडबुडा होता. "थंडीत हा मोठा होईल," दुर्बीणवाले म्हणाले. ते बाजूला. दुसरं पितळी, झाकणाचं, दिसायला देखणं. पण त्याची सुई कितीतरी वेळ डुलत राहायची. "ही नाचरी नको," काकू म्हणाल्या. तिसऱ्याचं कडं इतकं बारीक की हातमोजे घातल्यावर फिरेना. काकूंनी जाड कापडाचे तुकडे बोटांना गुंडाळून प्रत्येक कडं फिरवून पाहिलं. खालची पट्टी पारदर्शक हवी, म्हणजे नकाशावर ठेवता येते. तिची कड सरळ आणि लांब हवी. खुणा अंधुक उजेडात दिसायला हव्यात. एकेक अट दुर्बीणवाले सांगत आणि काकू ती दुसऱ्या दिवशी त्यांनाच उलट विचारत.

"अहो, मी सांगितलेलंच मला काय विचारताय?"

"काल तुम्ही विकायच्या नादात होतात. आज शुद्धीवर आहात का ते बघते."

लोखंड जवळ असलं की सुई फसते, हेही दुर्बीणवाल्यांनीच सांगितलं. त्या दिवसापासून काकू कमरेची कात्री दुकानात काढून ठेवून जात, आणि होकायंत्रं घेऊन समोरच्या मोकळ्या मैदानाच्या मधोमध उभ्या राहत. शेवटी दोन उरली. दोन्ही सारखीच वाटत होती. काकूंनी एक निवडलं. दुसरंही दुर्बीणवाल्यांनी चार दिवस काकूंकडेच राहू दिलं, "मन बदललं तर असू द्या," म्हणून.

मग काकूंनी लेकीकडून सराव करून घेतला. पाढे पाठ करून घ्यावेत तसा. एक वाक्य तर मी जिन्यातून येता-जाता इतक्यांदा ऐकलं की मलाही पाठ झालं. "ढगात शिरलीस की डोकं फसवतं, कान फसवतात. सुई फसवत नाही. सुईशी भांडायचं नाही. काय?"

"सुईशी भांडायचं नाही," बारकी म्हणायची. "तुझ्याशी भांडायचं."

निघायच्या दिवशी पहाटे काकूंनी तिच्या हातात एक पिशवी ठेवली. कोणाला न सांगता शिवलेली. सॅकच्या छातीवरच्या पट्ट्यात अडकवायची, वर पारदर्शक खिडकी, खाली उघडणारं झाकण. होकायंत्र आत पक्कं बसवलेलं. "बाहेर काढायचंच नाही. ओल्या हातातून निसटेल. झाकण उघड, वाच, सोड. आपोआप बंद होतं बघ." आणि ते खरंच टक् करून बंद झालं. बारकीने आईला मिठी मारली, वाकून. मग तिघी पहिल्या बसने गेल्या.

दहा वाजून गेले असतील. माझ्या पिशवीचा बंद तुटला होता म्हणून मी खाली दुकानात बसले होते. काकू खुशीत होत्या. त्यांची एक सवय आहे. नवीन काही शिवायचं तर त्या दोन नग कापतात, एक बिघडला तर दुसरा असावा म्हणून. तशी ती दुसरी पिशवी टेबलावर तयार होती. परत करायचं ते होकायंत्रही तिथेच होतं.

"यालाही बसते का बघू," म्हणत त्यांनी ते पिशवीत सरकवलं आणि झाकण उघडलं. सुई भलतीकडेच वळली. काकू एकदम उजळल्या.

"बघितलंत बाई? हे खराबच होतं! मी नको म्हटलं ते उगीच नाही. हाताला कळतं हो."

मीही मान डोलावली. त्यांनी होकायंत्र बाहेर काढलं. सुई शांतपणे फिरली आणि मैदानाच्या दिशेला, उत्तरेला स्थिरावली. काकूंनी ते पुन्हा आत सरकवलं. सुई पुन्हा वळली. बाहेर, सरळ. आत, वाकडी. मशीनपासून लांब, दारात जाऊन त्यांनी तेच केलं. मग पायरीवर. मग रस्त्यावर. परत आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. त्यांनी झाकणाच्या टोकावर अंगठा फिरवला. अस्तराच्या आत काहीतरी गोल, चपटं होतं.

"बटण," त्या म्हणाल्या.

पर्सना लावतात तसं ते चुंबकाचं बटण होतं. काकूंनी आयुष्यात अशी शेकडो बटणं लावली असतील. त्यांच्या धंद्यात वस्तूला ती काय बंद करते त्यावरून ओळखतात. चेन, बक्कल, दोरी, बटण. कमरेची कात्री आठवणीने काढून ठेवणाऱ्या बाईला ते बटण म्हणजे चुंबक आहे, हे सुचलंच नव्हतं.

"आणि मी तिला सांगितलंय, सुईशी भांडू नकोस," त्या म्हणाल्या. मग खुर्चीवर न बसता जमिनीवरच बसल्या.

मी चौकीला फोन लावला. पलीकडचा शिपाई म्हणाला, "तीन मुली ना? एक उंच? गेल्या की, तास झाला."

"हवा कशी आहे?"

"त्या गेल्या तेव्हा चांगली होती. आता ढग उतरलेत." त्याचा आवाज जरा सावध झाला. "काय झालं, ताई?"

मी सांगितलं. तो म्हणाला, "मी पायवाटेवरच्या पहिल्या मोठ्या दगडापर्यंत जाऊन हाका मारतो. पण त्या लांब गेल्या असणार. आत जायला मला परवानगी नाही, आणि गेलो तरी दिसायचं काहीच नाही. तुम्ही निवाऱ्याच्या बाजूने या."

दुर्बीणवाल्यांकडे माल आणायची जुनी व्हॅन होती. काकूंनी त्यांच्या काउंटरवर पिशवी ठेवली आणि त्यात होकायंत्र सरकवून दाखवलं. त्या बोलघेवड्या माणसाने एकदा सुईकडे पाहिलं आणि आतल्या गिऱ्हाइकाला हात धरून बाहेर काढून शटर ओढलं.

वळसा मोठा होता. व्हॅनमध्ये मी मागे, ते दोघे पुढे. दुर्बीणवाले भीतीने जास्तच बोलत होते. "सगळा वेळ चुकीची नाही दाखवणार हो ती. वळाल तशी कमी-जास्त. कधी थोडी, कधी बरीच."

"म्हणजे थोडी खरी वाटेल," काकू म्हणाल्या.

"हो, तसं..."

"पूर्ण खोटी वाटली असती तर बरं झालं असतं. फेकून दिली असती." थोड्या वेळाने म्हणाल्या, "पूर्वेला चालताना कुठे ओढेल?"

दुर्बीणवाल्यांनी गिअर बदलला. काकूंनी पिशवी आपल्या छातीवर धरली, लेकीने धरली असती तशी. व्हॅनच्या पत्र्यामुळे तिथे काहीच कळत नव्हतं. तरी त्या धरून बसल्या.

"दक्षिणेला ओढेल ना?"

"काकू, गाडी चालवू द्या मला."

निवाऱ्याशी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. दगडी खोली, पत्र्याचं छप्पर, पुढे दहा पावलांवर ढगाची भिंत. राखणदार म्हातारा बाहेर आला. कोणी आलेलं नव्हतं. एव्हाना यायला हवं होतं, असं तो म्हणाला आणि मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, "पोरी असतील तर बसत-उठत येत असतील."

काकू सरळ ढगाच्या दिशेने चालायला लागल्या. हातात दुसरं होकायंत्र, पिशवीशिवाय.

दुर्बीणवाल्यांनी त्यांचा दंड धरला. "कुठे निघालात?"

"सोडा."

"तुम्हाला ते वाचता येतं?"

"मी पारखलंय."

"पारखणं वेगळं आणि चालणं वेगळं! ती येईल आणि तुम्ही हरवलेल्या असाल. मग तिने तुम्हाला शोधायचं का?" ते ओरडत होते. त्या माणसाला ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. "गाडीत बसा. हॉर्न वाजवा. तेवढंच आपल्या हातात आहे."

काकू ड्रायव्हरच्या जागेवर बसल्या आणि हॉर्न वाजवायला लागल्या. मोठा दाब, मग थांबणं, मग मोठा दाब. मशीनचं पायडल मारावं तसा एकसारखा ठेका. मधे थांबल्या की आम्ही तिघे कान देत असू. वारा, आणि छपरावरून ठिबकणारं पाणी. बाकी काही नाही. राखणदाराने कंदील पेटवून दाराशी टांगला. मी काकूंना म्हटलं, मी वाजवते जरा. त्यांनी ऐकलंच नाही. त्यांचा अंगठा लाल झाला होता.

एकदा त्या मधेच थांबून म्हणाल्या, "बाई, तिला हॉर्न ऐकू आला तरी ती यायची नाही. मीच सांगितलंय, कान फसवतात."

मग पुन्हा वाजवू लागल्या.

उजेड जायला लागला होता तेव्हा राखणदार म्हणाला, "थांबा." आम्हाला काही ऐकू आलं नाही. त्याला आलं. थोड्या वेळाने ढगात काहीतरी गडद झालं, मग त्याचे तीन तुकडे झाले. मधला उंच होता.

काकू गाडीतून उतरल्या आणि उतरल्या तिथेच उभ्या राहिल्या. तिघी जवळ आल्या. चिखलाने माखलेल्या. चष्मिसच्या चष्म्याची एक काच गेली होती, आणि नर्सने बारकीचा हात असा धरला होता की बोटं पांढरी पडली होती.

"तू इथे कशी?" बारकी आईला म्हणाली. मग घाईघाईने, "उशीर झाला जरा. ही घसरली, मग बसलो थोडा वेळ. बाकी काही नाही."

तिच्या छातीवरच्या पट्ट्यावर पिशवी नव्हती. होकायंत्र मुठीत होतं.

"पिशवी कुठे आहे?"

"ओली झाली. सॅकमध्ये टाकली."

"बटणामुळे सुई ओढली जाते," काकू म्हणाल्या. "मला सकाळी कळलं. म्हणून आले."

बारकीने मूठ मागे घेतली. आणि नर्स, जी एवढा वेळ शहाण्यासारखी उभी होती, तिला रडू फुटलं. "ही म्हणाली, आईला सांगायचं नाही. वाटेत शपथ घालून घेतली आमच्याकडून."

आत खोलीत कोरडी घोंगडी पांघरून गरम पाणी पिताना हळूहळू सगळं बाहेर आलं. ढग येईपर्यंत वाट दिसत होती, म्हणून होकायंत्र बघायची गरजच पडली नव्हती. ढग आल्यावर बारकीने झाकण उघडलं आणि सुईप्रमाणे चालू लागली. वारा उजवीकडून यायला हवा होता, तो समोरून येऊ लागला. चष्मिस म्हणाली, आपण वळतोय. बारकी म्हणाली, सुईशी भांडायचं नाही. मग हॉर्न ऐकू आला, डावीकडून आणि मागून. दोघी म्हणाल्या, तिकडे जाऊ. बारकी म्हणाली, ढगात कान फसवतात, आईने महिनाभर घालवलाय हे निवडायला, ते चुकणार नाही.

"मग हिने बसकण मारली," बारकीने चष्मिसकडे बोट दाखवलं.

"मारणारच!" चष्मिस म्हणाली. "मी म्हटलं, तुझ्या आईवर माझा विश्वास आहे, पण माझ्या कानांनी माझं काय घोडं मारलंय?"

तिला पटवायला म्हणून बारकीने खडकावर नकाशा पसरला. नीट दाखवायला होकायंत्र पिशवीतून ओढून काढलं आणि नकाशावर ठेवलं. सुई त्यांच्या डोळ्यांदेखत फिरली. मग होकायंत्र पिशवीबाहेरच ठेवून तिघी हॉर्नच्या दिशेने आल्या.

"कुठवर गेला होतात?" काकूंनी विचारलं.

"जाऊ दे ना आई."

"कुठवर?"

बारकीने कपाकडे पाहिलं. "बसलो होतो त्या खडकाच्या पुढे गवत होतं. हिने पुढे एक दगड फेकला. पडल्याचा आवाज आला नाही."

काकू उठल्या. त्यांनी दोन्ही मैत्रिणींच्या डोक्यावरून हात फिरवला, आधी त्यांच्या, लेकीला शिवल्याही नाहीत. मग म्हणाल्या, "चला. तुमच्या घरी जायचंय मला."

"कशाला?" बारकी ताडकन उभी राहिली. डोकं छपराच्या वाशाला आपटलं. "आई, नको. त्यांच्या घरच्यांना काही माहीत नाही. तू सांगितलंस तर ते या दोघींना कधीच पाठवणार नाहीत. आणि तुझ्याकडे एकही बॅग यायची नाही. कोणाचं काय बिघडलंय? आलोय ना आम्ही परत?"

"पोरी त्यांच्या आहेत. वस्तू माझी होती."

"मग मला विचार! चूक झाली ती माझ्या छातीवर होती."

"तू सुईशी भांडली नाहीस, हीच तेवढी तुझी चूक," काकू म्हणाल्या. "आणि ती पण मीच शिवलेली."

परतीच्या वाटेवर बारकी आईशी बोलली नाही.

चष्मिसच्या आईने सगळं उभ्यानेच ऐकलं. मुलीला आत ओढलं आणि "कळलं," एवढं म्हणून दार लावून घेतलं. बारकीने आईकडे पाहिलं, झालं ना समाधान, अशा नजरेने. काकूंनी बंद दारापुढे क्षणभर उभं राहून पदर सारखा केला आणि जिना उतरल्या.

नर्सच्या घरी दिवा होता आणि दार उघडं होतं. तिची आई आमच्यापेक्षा वयाने लहान, भाजी चिरत बसली होती. काकूंनी पिशवी तिच्यासमोर ठेवली, होकायंत्र आत सरकवून सुई दाखवली, बाहेर काढून दाखवली. कड्याचंही सांगितलं, दगडाचंही. एक शब्द गाळला नाही. ती बाई ऐकता ऐकता विळी बाजूला सारून बसली. डोळे भरून आले, रागही आला असणार. तोंडावर दोन्ही दिसत होतं.

"तुम्ही हे सांगितलं नसतंत तर मला कळलंही नसतं," ती म्हणाली.

"हो."

"मग?"

काकूंनी पिशवी उचलून घेतली. त्या उठू लागल्या. तेव्हा ती बाई म्हणाली, "बसा. पाणी तरी घ्या." आणि मुलीकडे बघून म्हणाली, "पुन्हा जायचं म्हणशील तू, मी ओळखते तुला. तेव्हा ते यंत्र कोण बघून घेणार?"

नर्सने बारकीकडे बघितलं. बारकीने आईकडे.

"या पोरींनीच बघायचं," काकू म्हणाल्या. "पिशवीत घालून, पिशवीबाहेर काढून, गळ्यात अडकवून, सगळ्या कपड्यांसकट मैदानात उभं राहून. मी लांब उभी राहीन. पिना, कात्री, बटणं, काहीच जवळ न ठेवता."

"आणि मला वाटलं काहीतरी वाकडं आहे, तर?" बारकीने विचारलं. निवारा सोडल्यापासूनचा आईला तिचा हा पहिला प्रश्न होता.

"तर भांड," काकू म्हणाल्या.